नेट कधी येईल, बाप्पा?

वऱ्हाडात पाहुणा आला की आधी पाणी विचारायचं, ही जुनी रीत. ती अजून आहे. फक्त पाण्याच्या पेल्यापाठोपाठ आता वायफायचा पासवर्डही येतो. गप्पांची सुरुवात ‘कवा आली? जेवली का?’ अशी होते आणि तिसऱ्या वाक्याला गाडी ‘तुह्या कंपनीची रेंज येते का इकडं?’ यावर येते.

तुमच्या ऑफिसात अमरावती-अकोल्याकडचं एक तरी पात्र असणारच. शुक्रवारी संध्याकाळी पाठीला लॅपटॉपची बॅग लावून अमरावती एक्स्प्रेस पकडायला पळणारं. सोमवारच्या स्टँडअपला घरच्या गच्चीवरून हजेरी लावणारं आणि परत येताना शेगावची कचोरी आणणारं. मीही त्यातलीच. त्यामुळे इंटरनेट म्हणजे काय, ते कुणाचं, ते कोण देतं आणि कोण काढून घेतं, हे प्रश्न माझ्यासाठी कुठल्या परिषदेतले नाहीत. ते सुट्टी टाकायची की ‘वर्क फ्रॉम होम’ मागायचं, एवढे रोजचे आहेत.

‘इंटरनेट गव्हर्नन्स’ हा शब्द ऐकला की जांभई येते, मान्य. पण बॉस, याच शब्दात तुमचा पगार, तुमचं यूपीआय आणि तुमच्या धाकट्या बहिणीचा प्रवेश अर्ज दडलेला आहे. विश्वास बसत नसेल तर माझ्यासोबत अमरावतीला चला.

कॉमा, ब्रॅकेट, ओपन

साल २०२१. दिवाळी ४ नोव्हेंबरला होऊन गेली होती. कोविडमुळे पुण्या-मुंबईतली निम्मी आयटी मंडळी तेव्हा आपापल्या गावी बसून काम करत होती. १२ नोव्हेंबरला, शुक्रवारी, त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा निघाला आणि अमरावतीत दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदलाही हिंसक वळण लागलं. शहरात संचारबंदी आली आणि तिच्यासोबत इंटरनेट बंद झालं. आधी तीन दिवसांसाठी, मग मुदत वाढत गेली.

माझा आतेभाऊ तिथे राहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचा. सोमवारी त्याच्या टीमचं रिलीज होतं. नेट नाही, पण साधा फोन लागत होता. मग पठ्ठ्याने काय केलं? पुण्यातल्या सहकाऱ्याला फोन लावला आणि कोडमधल्या दुरुस्त्या अक्षरशः बोलून लिहायला लावल्या. ‘ब्रॅकेट ओपन... कॉमा... नाही नाही, कॉमा त्याच्या आधी...’ तब्बल दोन तास! स्वयंपाकघरातून आत्या हे ऐकत होती. तिला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. पण तिचं स्वतःचं टेन्शन वेगळंच होतं. लाइट बिल मोबाइलवरून भरायचं होतं आणि नागपूरच्या नातवाचा व्हिडिओ कॉल तीन दिवस आला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न : ‘नेट कधी येईल, बाप्पा?’

या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्या मते त्या आठवड्यातली सगळ्यात वाईट गोष्ट तीच होती. नेट नसणं आपण सहन करतो. लोडशेडिंगमध्ये वाढलेली पिढी आहे आपली! पण लोडशेडिंगला निदान वेळापत्रक असायचं. ‘आज तीन ते सहा’ असं पेपरात छापून यायचं आणि आई त्याआधी मिक्सर लावून मोकळी व्हायची.

दीड वर्षाने तोच प्रसंग अकोल्यात घडला. १३ मे २०२३ च्या रात्री जुन्या शहरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून दोन गट भिडले. जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला. जमावबंदी आली आणि इंटरनेटही थांबवलं गेलं. जूनमध्ये कोल्हापुरात हेच झालं. अमरावती, अकोला, कोल्हापूर : यातलं एकही शहर सीमेवरचं नाही. ही कॉलेजं, कोचिंग क्लास आणि बाजारपेठांची गावं आहेत. मे-जून म्हणजे तर निकाल, अर्ज आणि प्रवेशाचा हंगाम. अशा दिवसांत नेट गेलं की कुणाकुणाचं काय अडतं, हे वेगळं सांगायला नको.

‘ॲक्सेस नाउ’ ही आंतरराष्ट्रीय संस्था जगभरातल्या अशा बंदांची मोजणी करते. तिच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा आणि २०२४ मध्ये ८४ वेळा इंटरनेट बंद झालं. कारणं नाना प्रकारची. दंगल, आंदोलन आणि चक्क परीक्षा! सप्टेंबर २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक भरतीची परीक्षा होती. कॉपी होऊ नये म्हणून अनेक जिल्ह्यांतलं मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं गेलं. परीक्षा देणारे लाखो, पण नेट गेलं ते सगळ्यांचंच.

बटण कुणाच्या हातात?

आता तुम्ही म्हणाल, दंगल पेटलेली असताना नेट बंद केलं तर बिघडलं कुठे? अफवा पसरू द्यायच्या का?

प्रश्न रास्त आहे. अकोल्याची ठिणगी पोस्टवरूनच पडली होती. जुने व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात, एका गल्लीतलं भांडण तासाभरात शहराचं होतं आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाला समोरचा जमाव कुठून आला हेही कळत नाही. त्या रात्री ज्यांच्या घरावर दगड पडत होते, त्यांना ‘डिजिटल हक्कांचं’ व्याख्यान द्यायला मी जाणार नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघा. नेट बंद झालं की अफवा थांबते असं नाही, ती तोंडी फिरायला लागते. आणि ‘हे खोटं आहे’ असं सांगणारा पोलिसांचा खुलासा मात्र मोबाइलवर पोहोचत नाही. सुरतला असलेल्या मुलाला ‘आम्ही बरे आहोत’ असं लिहिता येत नाही. म्हणून माझा मुद्दा ‘बंद करूच नका’ असा नाही. तो असा आहे : बंद करणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात. का, कुठे आणि कधीपर्यंत. आत्याच्या प्रश्नाला कुणीतरी उत्तर द्यायला बांधील हवं.

गंमत म्हणजे, कायद्यात हे उत्तर आहे.

फार वर्षं या बटणामागे १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता. म्हणजे तारांच्या जमान्यातला. तो कायदा लिहिणाऱ्यांनी कडकट्ट-कडकट्टच्या पुढे काही ऐकलंही नव्हतं. २०१७ पर्यंत बऱ्याच ठिकाणी जमावबंदीच्या कलम १४४ खालीच नेट बंद व्हायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये पहिल्यांदा स्वतंत्र नियम आले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांनी द्यायचा, आणि नंतर एका समितीने त्याची छाननी करायची.

मग १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांची याचिका होती. न्यायालयाने सांगितलं : इंटरनेटवरून मत मांडणं आणि इंटरनेटवरून धंदा-व्यवसाय करणं, दोन्हींना घटनेचं संरक्षण आहे. बेमुदत बंद चालणार नाही. उपाय गरजेपुरताच हवा. आणि आदेश लोकांसमोर आला पाहिजे, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचं त्याला देता येईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस ठरली. पुढे २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालचे नवे नियम. त्यांतही हेच आहे : आदेश सकारण हवा, त्यात भाग स्पष्ट हवा आणि तो प्रसिद्ध व्हायला हवा.

कागदावर झकास! प्रत्यक्षात? डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे अमरावतीच्या त्या बंदनंतर काही आठवड्यांतच, संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने एक अहवाल मांडला. शशी थरूर तिचे अध्यक्ष होते. देशात किती वेळा आणि कुठे कुठे नेट बंद झालं, याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय, असं समितीने त्यात लिहून ठेवलं. नोंदच नाही, तर बंदचा उपयोग झाला की नुकसान झालं, हे तपासणार कशाच्या जोरावर? तुमच्या-माझ्या ऑफिसात सर्व्हर दहा मिनिटं पडला तरी दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहावा लागतो. इथे आख्खं शहर पडतं.

घाट चढलं की काड्या गायब

आता अमरावती शहरातून निघून परतवाड्यामार्गे मेळघाटात या. जिल्हा तोच. सेमाडोह मागे टाकून धारणीच्या रस्त्याला लागलात की फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात. तिथे नेट कुणी बंद केलेलं नसतं. ते अनेक ठिकाणी धड पोहोचलेलंच नसतं.

याच रस्त्यावर हरिसाल आहे. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून या गावाला देशातलं पहिलं ‘डिजिटल व्हिलेज’ करायचं ठरवलं. वायफाय, टेलिमेडिसिन, डिजिटल शाळा, कॅशलेस दुकान... मोठा गाजावाजा झाला. आणि मग २०१९ ची लोकसभा निवडणूक आली. राज ठाकरे यांनी भर सभेत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत याच हरिसालची चित्रफीत दाखवली आणि जाहिरातीतलं गाव व प्रत्यक्षातलं गाव यातला फरक मांडला. सरकारी बाजूने खुलासे आले, दावे-प्रतिदावे झाले. राजकारण सोडून देऊ. पण मला त्यातून एक गोष्ट कळली. उद्घाटनाला गर्दी होते, पण नंतर राउटर बिघडला, वीज गेली, केबल तुटली, तर कुणाला फोन करायचा, हे बहुतेक योजनांत कुणी सांगत नाही.

मेळघाटात नेटवर्क देणं सोपं नाही, हेही खरं. डोंगर आहेत, त्यामुळे एका टॉवरचा सिग्नल पुढच्या दरीत उतरत नाही. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, त्यामुळे टॉवर उभारायला आणि केबल टाकायला परवानग्या लागतात. कोरकू वस्त्या विरळ आहेत, त्यामुळे कंपनीचा हिशेब जमत नाही. बरोबर याच कारणासाठी आपल्याकडे एक निधी आहे. तुमचा-माझा रिचार्ज ज्या कंपन्यांच्या तिजोरीत जातो, त्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा २००२ पासून त्यात जमा होतो. आधी त्याचं नाव ‘युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड’ होतं, २०२३ च्या कायद्यानंतर ‘डिजिटल भारत निधी’ झालं. म्हणजे पुण्यात बसून रील्स बघताना मेळघाटातल्या टॉवरची वर्गणी तुम्ही नकळत भरत असता!

याच पैशातून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणारी योजना उभी राहिली. २०११ मध्ये तिला मंजुरी मिळाली, पुढे तिचं नाव ‘भारतनेट’ झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित रूपाला तब्बल १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. त्याआधी जुलै २०२२ मध्ये, नेटवर्क नसलेल्या २४,६८० गावांपर्यंत फोरजी नेण्याचा बीएसएनएलचा प्रकल्प मंजूर झाला होता. आकडे सॉलिड आहेत. पण फायबर पंचायतीच्या खोलीपर्यंत पोहोचणं वेगळं आणि त्या गावातल्या मुलीच्या मोबाइलपर्यंत पोहोचणं वेगळं. मधलं अंतर आकड्यात मोजलं जात नाही.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन प्रश्न. शहरात : ‘नेट परत कधी येईल?’ डोंगरात : ‘नेट पहिल्यांदा कधी येईल?’ दोन्हींत अडचण एकच. उत्तर द्यायला समोर माणूस नाही.

अर्ध्या ‘र’ची गोष्ट

मग इंटरनेटचा मालक तरी कोण? गंमत अशी, की एक मालक नाहीच. वेगवेगळी कामं वेगवेगळ्या टेबलांवर वाटलेली आहेत. वेबसाइटच्या नावांचा कारभार ‘आयकॅन’ ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था बघते. तिच्यावरची अमेरिकी सरकारची देखरेख २०१६ मध्ये संपली. उपग्रहांच्या लहरी आणि कक्षा यांचा हिशेब जिनिव्हातली ‘आयटीयू’ ठेवते. ती तर १८६५ ची, तारांच्या काळापासूनची. कुठल्या भाषेतलं कुठलं अक्षर संगणकात कसं साठवायचं, हे ‘युनिकोड’ ठरवतं. देशात परवाना कुणाला द्यायचा, हे दिल्ली. आणि बंदचं बटण, ते आपण वर पाहिलंच.

एवढ्या लांबच्या टेबलांशी वऱ्हाडाचा काय संबंध? ‘वऱ्हाड’ हा शब्दच टाइप करून बघा. त्यातला तो आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’! हिंदीला त्याची गरज पडत नाही. आपल्याला ‘वऱ्हाड’, ‘ऱ्हास’, ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याला’ लिहायला पदोपदी लागतो. तो नसता तर शब्दाचा ‘वर्‍हाड’ऐवजी ‘वर्हाड’ झाला असता आणि आपण हातावर हात धरून बसलो असतो. सुदैवाने भारतीय लिप्यांचं मानक तयार करताना, १९८० च्या दशकात, आपल्याच लोकांनी या अर्ध्या ‘र’ची सोय करून ठेवली होती. युनिकोडने ती तशीच उचलली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतले ‘.भारत’ पत्ते सुरू झाले, तेही अशाच टेबलांवर कुणीतरी चिकाटीने बसल्यामुळे.

यातला फंडा साधा आहे. ज्या टेबलावर आपलं माणूस बसलं, तिथे आपल्या अर्ध्या अक्षरालाही जागा मिळाली. जिथे कुणीच बसलं नाही, तिथे आख्खं शहर पाच-सहा दिवस ऑफलाइन गेलं तरी कुणी विचारलं नाही.

वरून येणारं नेट

‘टॉवर नको, केबल नको, आता डायरेक्ट सॅटेलाइट!’ हा सध्याचा सगळ्यात कूल उपाय. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारताच्या दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने कंपनीसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. सरकारी संस्था आणि दुर्गम भागांना उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी ज्या जिल्ह्यांची नावं त्या वेळी पुढे आली, त्यांत गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्यासोबत वाशीम होतं. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला, आपल्या वऱ्हाडातला वाशीम.

यात नवं काय? जुने दळणवळण उपग्रह जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर असतात. तिथून प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलतात आणि दोघंही ‘तू बोल, तू बोल’ करत बसतात, तो प्रकार. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात. म्हणजे मुंबई-अमरावतीपेक्षाही जवळ! त्यामुळे हा उशीर जाणवत नाही. पण इतक्या खालून जाणारा उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, म्हणून ते हजारोंनी लागतात. शिवाय डिशला मोकळं आकाश लागतं. मेळघाटातल्या दाट सागाखाली ते शोधावं लागेल. वीज लागेल. आणि महिन्याचं बिल कोण भरणार, हा जुनाच प्रश्न तिथेही उभा राहील.

आणि बटण? काही जणांना वाटतं, आकाशातून येणाऱ्या नेटला कुणी हात लावू शकणार नाही. तसं नाही. मे २०२५ मध्ये सरकारने उपग्रह कंपन्यांसाठी सुरक्षेच्या कडक अटी जाहीर केल्या. आपल्याकडच्या ग्राहकांचा ट्रॅफिक भारतातल्याच गेटवेमधून गेला पाहिजे आणि सरकारने सांगितल्यास ठरावीक भागातली सेवा थांबवता आली पाहिजे. सुरक्षेचा विचार करता हे समजण्यासारखं आहे. उलट, सगळं बटण एका परदेशी कंपनीच्या मालकाच्या खिशात असावं, हेही मला नको. पण याचा अर्थ एवढाच : टॉवर बदलून उपग्रह आला, तरी आत्याचा प्रश्न जागच्या जागी.

मंगळावरचं वेळापत्रक

आता सगळ्यात भारी गोष्ट. पृथ्वीपासून मंगळापर्यंत संदेश पोहोचायला, ग्रहांच्या जागेनुसार, तीन ते बावीस मिनिटं लागतात. मध्येच ग्रह फिरतो, यान आड जातं, संपर्क तुटतो. आपलं नेहमीचं इंटरनेट तिथे चालणारच नाही, कारण ते सतत ‘पोचलं का? पोचलं का?’ विचारत राहतं. म्हणून १९९८ पासून व्हिंट सर्फ, म्हणजे इंटरनेटच्या जनकांपैकी एक, आणि नासाची मंडळी वेगळी पद्धत घडवत आहेत. संदेश पुढच्या थांब्यापर्यंत न्यायचा, तिथे जपून ठेवायचा आणि पुढची गाडी आली की चढवून द्यायचा. आपल्या एसटीच्या पार्सलसारखं! नासाच्या ‘पेस’ या २०२४ मधल्या उपग्रहाने ही पद्धत रोजच्या कामात वापरायला सुरुवात केली.

या पद्धतीचा गाभा काय? संपर्क तुटणार, हे आधीच मान्य करायचं, आणि पुढचा संपर्क कधी हे प्रत्येक थांब्याला कळवून ठेवायचं. जून २०१५ मध्ये आपलं मंगळयान सूर्याच्या पलीकडे गेलं आणि साधारण पंधरवडाभर त्याच्याशी धड बोलता येणार नव्हतं. हे इस्रोला खूप आधीपासून माहीत होतं. यानाला त्या दिवसांची कामं नेमून दिली होती. कारण माहीत, तारीख माहीत, मुदत माहीत.

पंधरवडा! आपल्या नियमातही एका आदेशाची कमाल मुदत तेवढीच आहे. कोट्यवधी किलोमीटरवरच्या एका यंत्राला ‘आता पंधरा दिवस संपर्क नाही, नंतर अमुक तारखेला बोलू’ असं आपण सांगू शकतो. मग राजापेठेतल्या माणसाला सांगायला काय हरकत आहे?

तोपर्यंत आपण काय करायचं?

व्याख्यान पुरे. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी हे कापून फ्रिजवर लावा :

● *९९# ही सेवा बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून इंटरनेटशिवाय चालते. फक्त साधं नेटवर्क हवं. मार्च २०२२ मध्ये आलेलं ‘यूपीआय १२३पे’ तर साध्या फोनवरही चालतं. दोन्ही आधीच सुरू करून एकदा वापरून बघा. बंदच्या दिवशी शिकायला जाऊ नका.

● घरात थोडी रोख ठेवा. डिजिटल माणसालाही दूधवाला लागतो.

● गावाकडचा नकाशा, तिकिटं, आईच्या औषधांची चिठ्ठी फोनमध्ये उतरवून ठेवा.

● मॅनेजरचा फोन नंबर पाठ नसला तरी डायरीत असू द्या. बंदमध्ये एसएमएस आणि कॉल बहुतेक वेळा चालू असतात.

● नेट बंद झालंच, तर आदेश शोधा. त्यात कारण आहे का, भाग कुठला, कधीपर्यंत? आदेश सापडला नाही, तर माहिती अधिकारात राज्याच्या गृह विभागाकडे त्याची प्रत आणि छाननी समितीचा निष्कर्ष मागा. अर्जाचं शुल्क फक्त १० रुपये.

● गावची ग्रामपंचायत भारतनेटला जोडली आहे का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. जोडली असेल तर बिघाड झाल्यावर फोन कुणाला करायचा, तो नंबर भिंतीवर लिहायला लावा.

या शेवटच्या दोन गोष्टींना कुठलंही ॲप लागत नाही. अर्ज तर बसमध्ये बसल्या बसल्या लिहून होतो. उत्तर पहिल्या फटक्यात येईल असं नाही, तेव्हा अर्जाची पोच मात्र जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील करताना तीच लागते.